सत्काराची शाल आणि चतुर्दशीचे पान

वाचकाचे पत्र (संक्षेपाने)

आम्ही नाशिकरोडला राहतो. माझे थोरले दीर पायदळात होते. 1987 च्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, श्रीलंकेत जाफन्याच्या लढाईत ते गेले. माझे पती तेव्हा 14 वर्षांचे होते. पार्थिव घरी आले नाही. आधी तार आली, पुढे अस्थी आल्या आणि त्या रामकुंडात विसर्जित केल्या. यंदा 26 जुलैला आमच्या सोसायटीने कारगिल विजय दिनाचा कार्यक्रम केला आणि त्याच्या फलकावर इच्छुक उमेदवारांच्या चेहऱ्यांच्या रांगेत दिरांचाही फोटो छापला. फोटो माझ्या पतींनीच दिला होता. माझा 19 वर्षांचा मुलगा कार्यक्रमाला गेला नाही आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याने लिहिले, ‘माझ्या काकांच्या नावावर तुमची जाहिरात नको.’ त्यावर एका गृहस्थांनी ‘अशी मुले देशाच्या काय कामाची’ असे उत्तर टाकले. तेव्हापासून बापलेकांचे बोलणे बंद आहे. 15 ऑगस्टला त्याने झेंडावंदनाला आलेच पाहिजे, असे पतींचे म्हणणे आहे. त्याच दिवशी एक मंडळ सासूबाईंचा वीरमाता म्हणून सत्कार करणार आहे. सासूबाई 82 वर्षांच्या आहेत आणि यावर काहीच बोलत नाहीत. दरवर्षी पितृपक्षात चतुर्दशीला त्या दिरांसाठी पान वाढतात, त्यात कुळथाचे शेंगोळे करतात आणि कावळा शिवेपर्यंत पाणीही घेत नाहीत. मुलाला बळजबरीने न्यावे का? सत्काराला होकार द्यावा का?

उत्तर

नाशिकरोडच्या ताई,

15 ऑगस्टला फार दिवस उरलेले नाहीत, म्हणून तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधी देऊन टाकते. मुलाला बळजबरीने नेऊ नये. सत्काराचा होकार किंवा नकार तुम्हीही देऊ नये आणि तुमच्या पतींनीही देऊ नये. तो सासूबाईंनी द्यावा. तुमचे मूळ पत्र चार पानांचे आहे. त्यात पती काय म्हणाले, मुलगा काय म्हणाला, ग्रुपवरचे ते गृहस्थ काय म्हणाले, हे सगळे शब्दशः उतरले आहे; पण जिच्या पोटचा मुलगा गेला, तिला कुणी काही विचारले असल्याचा उल्लेख मला दोनदा वाचूनही सापडला नाही. त्या गप्प आहेत असे तुम्ही लिहिता, परंतु त्यांना बोलायला जागा दिली होती का, हे आधी पाहावे लागेल.

आता घरातल्या अबोल्याविषयी. देशाभिमानी बाप आणि बेपर्वा मुलगा यांच्यातले हे भांडण आहे असे सोसायटीला वाटत असेल, कदाचित तुमच्या पतींनाही वाटत असेल, पण पत्र वाचताना मला ते तसे दिसले नाही. तुमच्या घरात तीन पिढ्या एका छताखाली राहतात आणि युद्धात गेलेल्या माणसाची आठवण कशी ठेवायची, हे त्यांतली प्रत्येक पिढी निरनिराळ्या काळात शिकली आहे.

सासूबाईंचा काळ तारेचा होता. 1962, 1965 आणि 1971 च्या युद्धांत गेलेल्या बहुतेक जवानांवर रणभूमीच्या आसपासच अंत्यसंस्कार झाले. घरी आली ती तार, मागाहून ट्रंक, आणि कधी अस्थी. श्रीलंकेच्या मोहिमेतही बव्हंशी हेच घडले. ज्याला गावाने खांदा दिलेला नाही असे मरण घरातच राहते, देवघरात आणि चुलीपाशी, आणि तिथे त्याची काळजी घेण्याचे काम बायकांकडे येते. पंचांगात भाद्रपद वद्य चतुर्दशीपुढे ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असे छापलेले असते, म्हणजे मृत्यूची तिथी कोणतीही असली तरी शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्याचे श्राद्ध पितृपक्षात त्या दिवशी करावयाचे. सासूबाईंनी चतुर्दशी धरली आहे ती म्हणून. शेंगोळे मात्र पंचांगाने सांगितलेले नाहीत. श्राद्धाच्या स्वयंपाकात कुळीथ बसत नाही असेही एखादे गुरुजी म्हणतील. खीर, वडे, कढी आणि गवारीच्या भाजीशेजारी त्यांनी शेंगोळे स्वतःच्या अधिकारात वाढले आहेत, आणि त्यावरून कळते की ते पान रजेवर घरी आल्यावर शेंगोळे मागणाऱ्या मुलासाठी आहे. त्यांच्या आठवणीत युद्धाला फार थोडी जागा असावी असे मला वाटते.

तुमच्या पतींची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्यापाशी मी जरा जास्त थांबणार आहे, कारण पत्रात सगळ्यात जास्त दोष त्यांच्याच पदरी पडला आहे. 14 वर्षांच्या मुलाचा भाऊ गेला आणि त्यानंतर त्याने काय पाहिले? जुलै 1987 मध्ये भारत-श्रीलंका करार झाला, शांतिसेना म्हणून गेलेल्या आपल्या सैन्याला ऑक्टोबरमध्ये ‘ऑपरेशन पवन’खाली लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशी लढावे लागले, आणि मार्च 1990 मध्ये शेवटच्या तुकड्या परत आल्या तोवर अकराशेहून अधिक भारतीय सैनिक कामी आले होते. कारगिलमध्ये आपले 527 जवान गेले, म्हणजे हा आकडा त्याच्या दुपटीहून मोठा आहे. तरीही या मोहिमेच्या नावाने गावोगावी फलक लागत नाहीत, कारण 1971 च्या युद्धाचा 16 डिसेंबर आणि कारगिलचा 26 जुलै हे दोन्ही विजयाचे दिवस आहेत आणि श्रीलंकेतून आपण विजय घेऊन आलो नव्हतो. परतलेल्या सैन्याच्या स्वागताला जाण्याचे तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधी यांनी नाकारले होते. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना या मोहिमेतल्या पराक्रमासाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ते मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे, आणि 25 नोव्हेंबर 1987 रोजी धारातीर्थी पडलेले. कारगिलच्या परमवीरांची नावे धडाधड सांगणाऱ्या मुलांना हे नाव विचारून पाहा. शांतिसेनेचे स्मारक आपल्या आधी श्रीलंकेने कोलंबोजवळ उभारले. दिल्लीतल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे उद्घाटन 25 फेब्रुवारी 2019 रोजी झाले, तेव्हा कुठे ही नावे इतर युद्धांतल्या नावांच्या बरोबरीने ग्रॅनाइटवर आली.

मधल्या काळात 1999 आले. कारगिलच्या वेळी जवानांची पार्थिवे प्रथमच मोठ्या संख्येने त्यांच्या गावी पोहोचवली गेली आणि तिरंग्यात लपेटलेल्या त्या पेट्या टीव्हीने घराघरांत दाखवल्या. वेशीपासून स्मशानापर्यंत लोटलेली माणसे, बंदुकांची सलामी, शाळेतल्या मुलांच्या रांगा हे सगळे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले आणि हुतात्म्याला निरोप म्हटले की हेच चित्र आपल्या मनात बसले. तुमचे पती तेव्हा 26 वर्षांचे होते. दुसऱ्यांच्या भावांना मिळालेला तो मान त्यांनी पाहिला असेल आणि आपल्या घरी फक्त तार आणि अस्थी आल्या होत्या, हेही त्यांना आठवले असेल. अशा माणसाकडे कुणी 26 जुलैसाठी भावाचा फोटो मागायला आला तेव्हा तारीख त्याची नव्हती, युद्ध त्याचे नव्हते आणि फलकावरचे शेजारी तर अजिबातच त्याचे नव्हते. तरी त्यांनी फोटो काढून दिला. बारा वर्षे उपाशी राहिलेला माणूस पंगत कुणाची आहे हे विचारत बसत नाही, आणि इथे तर तिसाहून जास्त वर्षे लोटली होती. त्यांच्या हट्टामागे दिखाऊपणा आहे असे तुमच्या मुलाला वाटते. मला त्यामागे जुनी भूक दिसते.

तुमचा मुलगा कारगिलनंतर जन्मला. त्याला तारेचे घर ठाऊक नाही आणि 1999 चा सुन्न झालेला जुलैही ठाऊक नाही. त्याने पाहिले ते फलक, ध्वनिक्षेपक, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती आणि दुसऱ्या दिवशी गटारापाशी पडलेले कागदी झेंडे. त्याला किळस आली तर मी त्याला दोष देणार नाही. परंतु दोन गोष्टी मी त्याला ऐकवीन.

पहिली गोष्ट अशी, की वाजवणे म्हणजे अनादर, हे समीकरण निदान नाशिकच्या मुलाने मांडू नये. धुलिवंदनाच्या दिवशी जुन्या नाशकात वीरांची मिरवणूक निघते. घराण्यातल्या वीरांचे देव्हाऱ्यात पुजलेले टाक हाती घेऊन माणसे वाजतगाजत, नाचत रामकुंडावर जातात, तिथे त्यांना गोदावरीचे स्नान घालतात आणि घरी आणून पुन्हा देव्हाऱ्यात बसवतात. डोक्याला बाशिंग बांधलेला दाजिबा वीर गल्लीतून जातो तेव्हा म्हाताऱ्या बायका उंबऱ्यावर येऊन ओवाळतात. ढोल आहे, गर्दी आहे, रंगही आहे, आणि तरी तिथे कुणाला मृताची विटंबना झाल्यासारखे वाटत नाही, कारण टाक ज्याच्या हातात आहे त्याला तो कुणाचा आहे हे माहीत असते. ज्या रामकुंडात तुमच्या दिरांच्या अस्थी गेल्या, त्याच पाण्यात दरवर्षी हे होते. मुलाची तक्रार खरोखर आवाजाविषयी नाहीच. काकांविषयी नावापलीकडे ज्यांना काही ठाऊक नाही अशा लोकांनी ते नाव वापरले, याविषयी ती आहे. तसे त्याने स्पष्ट म्हणावे. ती तक्रार रास्त आहे.

दुसरी गोष्ट त्याला कडू लागेल. काकांच्या नावावर जाहिरात नको असे म्हणत त्याने काकांच्या नावावर जाहीर भांडण केले. वडिलांनी फोटो देताना आजीला विचारले नाही. त्यानेही ग्रुपवर लिहिण्याआधी आजीला विचारले नाही. या बाबतीत बापलेक अगदी एकाच वळणाचे निघाले.

ग्रुपवरच्या त्या गृहस्थांना उत्तर देऊ नका. उभा राहिला तो देशभक्त आणि आला नाही तो देशाच्या कामाचा नाही, अशी हजेरी मांडायची म्हटले तर आपल्यापैकी कुणाचेच नाव शाबूत राहणार नाही. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्यावर 1909 साली नाशकात गोळ्या झाडून पुढल्या वर्षी फाशी गेलेल्या अनंत कान्हेरे यांचे नाव आपण ज्या मैदानाला दिले, त्यावर रोज सकाळी फेऱ्या मारणारे निम्मे लोक त्याला अजून ‘गोल्फ क्लब’च म्हणतात, आणि मीही त्यांतलीच आहे. हा वाद काही आपल्याकडेच आहे असेही नाही. पहिले महायुद्ध 11 नोव्हेंबर 1918 रोजी थांबले. पुढच्याच वर्षी त्या तारखेला ब्रिटनमध्ये दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याची प्रथा सुरू झाली आणि 1921 पासून लोक कोटावर लाल पॉपीचे फूल लावू लागले. 1933 मध्ये तिथल्या सहकारी चळवळीतल्या महिलांच्या संघटनेने पांढरे फूल काढले; मृतांचे स्मरण हवे, पण युद्धाचा गौरव नको, असे त्या बायकांचे म्हणणे होते. पांढरे फूल म्हणजे सैनिकांचा अपमान असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत, आणि नोव्हेंबर आला की कुणी फूल लावले नाही याची टीव्हीवर पंचाईत चालते. शंभर वर्षांत त्यांचे मिटले नाही, तर तुमच्या सोसायटीचे एका पंधरवड्यात मिटेल अशी आशा मी धरत नाही.

झेंडावंदनाविषयी माझा अनुभव सांगते. शिक्षिका म्हणून तीस वर्षे मी 15 ऑगस्टच्या रांगा लावल्या आहेत. पावसाच्या भुरभुरीत, चिखलात सक्तीने उभ्या केलेल्या मुलांना पाहुण्यांच्या भाषणातले एक वाक्य आठवत नाही. कोण घेरी येऊन पडला आणि खाऊ काय मिळाला, एवढे मात्र त्यांना वर्षभर आठवते. 19 वर्षांच्या मुलाला तर हात धरून नेताही येत नाही. तो स्वतःहून आला तर त्याच्याविषयी कुणाशी काही न बोलता त्याला शेजारी उभे राहू द्यावे. शिवाय स्वातंत्र्यदिन हा काही तुमच्या दिरांचा स्मृतिदिन नव्हे. त्या दिवशी तो घरी राहिला म्हणून काकांचा अपमान होतो, हे म्हणणे बाकीच्यांनी त्यावर चिकटवले आहे.

आता सत्काराकडे वळते. जिल्ह्यातल्या एका गावात अशा कार्यक्रमाला मी गेले होते. पाहुण्यांना यायला दीड तास उशीर झाला. तोवर पहिल्या रांगेत एक वृद्ध माता प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाय जमिनीला टेकत नव्हते म्हणून एका विटेवर ठेवून, बसून होती. अखेर निवेदकाने तिच्या हुतात्मा मुलाचे नाव मोठ्या आवाजात पुकारले आणि टाळ्या झाल्या. पुकारलेले नाव तिच्या थोरल्या, जिवंत मुलाचे होते. कागदपत्रांवर तेच असल्यामुळे यादीत तसे आले असावे. तो थोरला तिच्या मागेच उभा होता. ती वळली, त्याच्या कानशिलांवरून हात फिरवून तिने आपल्या कपाळाशी कडाकडा बोटे मोडली, आणि मग व्यासपीठाकडे गेली. शाल घेताना ती निवेदकाला काहीतरी म्हणाली, पण ध्वनिक्षेपक त्याच्या हातात होता. नंतर मी तिला विचारले तेव्हा कळले, की तिने फक्त धाकट्याचे नाव सांगितले होते.

म्हणून सासूबाई सत्काराला हो म्हणाल्या, तर त्यांच्या होकाराबरोबर काही अटी तुम्ही मंडळाला कळवा. दिरांचे नाव, हुद्दा, पलटण, तारीख आणि ठिकाण एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून द्या आणि तेवढेच वाचा असे सांगा. कारगिलचा उल्लेख नको, जाफना म्हणा. पाहुणे आले की फोन करा, आम्ही दहा मिनिटांत आजींना घेऊन येतो, असे कळवा. फोटो लावायचा तर एकट्याचा लावावा, शेजारी कुणाचा चेहरा नको. हीच फोटोची गोष्ट सोसायटीच्या अध्यक्षांनाही सांगायची आहे, मात्र ग्रुपवर नको. तुमच्या पतींनी त्यांच्या घरी जाऊन, चहा घेत सांगावी, आणि जमल्यास मुलाने सोबत जावे. त्यांना खरोखर काही करावयाचे असेल तर 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. 1949 पासून तो पाळला जातो आणि त्याचा निधी माजी सैनिक आणि वीरपत्नींच्या कुटुंबांच्या उपयोगी पडतो. फलकाच्या खर्चाइतकी रक्कम त्यात गेली तर निदान ती कुणाच्या तरी घरी पोहोचेल.

आणि सासूबाई नाही म्हणाल्या, तर त्या नकारावर घरात चर्चा करू नका. ‘आईची तब्येत बरी नाही’ अशी सबब मंडळाला सांगू नका. ‘आईंना नको आहे’ असे सरळ सांगा. त्यांनी न बोलण्यात चाळीस वर्षे काढली, आता एक वाक्य बोलल्या तर ते तसेच पुढे जाऊ द्यावे.

बापलेकांच्या अबोल्यावर माझ्याकडे युक्ती नाही, पण एक सुचवते. ती तार घरात असेल. अशा तारा कुणी टाकून देत नाही. पतींनी ती मुलाला कधी दाखवली आहे का? 14 व्या वर्षी ती कुणाच्या हातात पडली, दार कुणी उघडले, आईला कुणी सांगितले, हे मुलाला ठाऊक आहे का? तुमच्या चार पानांत यातले काहीही नाही, म्हणून मला शंका येते की ते तुम्हालाही ठाऊक नसावे. पतींना हे तुम्ही विचारा, मुलाच्या कानावर पडेल अशा ठिकाणी बसून. समजूत घालण्याच्या हेतूने नको, केवळ माहिती म्हणून विचारा. पुढे कधी दिल्लीला जाणे झाले तर राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या त्याग चक्रात दिरांचे नाव शोधून घ्या. सायंकाळच्या मानवंदनेच्या वेळी तिथे हुतात्म्याच्या कुटुंबीयांच्या हस्ते पुष्पचक्र वाहतात. तिथे भाषणे होत नाहीत, म्हणून तुमचा मुलगा जाईल. तिथे सैन्याची सलामी असते, म्हणून तुमचे पती जातील.

मात्र त्याआधी भाद्रपद येतो. 82 वर्षांच्या बाईला पान घेऊन गच्चीचे जिने चढणे आता जड जात असेल, आणि उपाशीपोटी तर अधिकच. यंदा चतुर्दशीला ते पान गच्चीवर न्यायला आणि कावळा येईपर्यंत तिथे थांबायला मुलाला सांगा. त्याला वेळ लागला तर लागू द्या. तोवर खाली स्वयंपाकघरात सासूबाईंच्या शेजारी तुम्ही बसा आणि ते शेंगोळे दिरांना कसे आवडत, घट्ट की पातळ, हे त्यांना विचारा.

सत्काराविषयी मात्र आजच विचारा. मंडळाच्या निमंत्रणपत्रिका छापायला गेल्या की त्यांच्या नाहीला फारशी किंमत उरणार नाही.